मधली वाट

आमच्या भागात माणसाचं निम्मं आयुष्य कागदावर चालतं. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीककर्जाचा अर्ज, सोसायटीचा दाखला, लेकरांचं हॉल तिकीट, नारायणगावच्या बाजारातली टोमॅटोची पट्टी, मंचरच्या आडतीवरचा कांद्याचा हिशेब. मोबाइलवर आता सगळं दिसतं हे खरं; पण तलाठ्याच्या नाहीतर बँकेच्या टेबलावर शेवटी कागद ठेवावा लागतो. त्यावर सही होते, शिक्का बसतो, आणि मगच काम पुढे सरकतं.

जुन्नरचं आणि कागदाचं नातं तर फार जुनं. इथले कागदी हाताने कागद करत. लगदा कुटायचा, धुवायचा, साच्यावर उचलायचा, पान वाळवायचं आणि घोटून गुळगुळीत करायचं. पेशवाईच्या काळात जुन्नरी कागदाला मान होता. इंग्रजी अमलात, १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही जुन्नरच्या या धंद्याची नोंद आहे. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि कागद्यांचे हात थांबले. एकेक पान अंगमेहनतीने करणाऱ्या त्या माणसांच्या गावाशेजारी आम्ही राहतो. म्हणून असेल, पण कोरा कागद वाया गेला की मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं गाव मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. एका अंगाला जुन्नर तालुका, दुसऱ्या अंगाला आंबेगाव. घर आजोबांच्या वेळचं, दगड-मातीच्या जाड भिंतींचं. भावाभावांचा संसार वाढला तसं मागे दोन खोल्यांचं नवं बांधकाम झालं आणि मळ्याच्या बाजूलाही एक घर उभं राहिलं. चुली तीन झाल्या, प्रिंटर मात्र एकच राहिला. तो दादांच्या पुढच्या खोलीत, त्यांच्या संगणकाशेजारी. मागच्या घरातून, मळ्यातून, ज्याला जे छापायचं ते त्याने आपल्या लॅपटॉपवरून पाठवायचं आणि मग पुढे येऊन कागद घ्यायचा, अशी रीत पडली होती. त्या निमित्ताने दिवसातून दोनदा तरी सगळे एका खोलीत येत. वहिनी चहा टाकत. मला ती रीत आवडायची.

मग हळूहळू प्रिंटर मंदावला. बटण दाबायचं आणि वाट पाहायची. पडद्यावर ‘छपाई सुरू आहे’ असं दिसायचं, पुढच्या खोलीत मात्र शांतता. बऱ्याच वेळाने प्रिंटर जागा व्हायचा, अर्धं पान ओढायचा आणि पुन्हा थबकायचा. कोणी वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबायचं, तिसऱ्यांदा दाबायचं, आणि मग संध्याकाळी एकाच अर्जाच्या चार-चार प्रती ट्रेमध्ये पडलेल्या सापडायच्या. घरात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणालं प्रिंटर म्हातारा झाला. कोणी म्हणालं इंटरनेट भिकार आहे. धाकट्याने सुचवलं की ज्याने त्याने आपापला स्वस्त प्रिंटर घ्यावा म्हणजे कटकट नको. हे शेवटचं बोलणं माझ्या मनाला लागलं. घरातली सामाईक वस्तू नीट चालेनाशी झाली की आपण ती दुरुस्त करण्याआधी वाटून घ्यायला निघतो.

पुतणी अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली होती. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “नाना, प्रिंटर म्हातारा नाही झालेला. त्याला निरोपच उशिरा पोचतोय. आपण वाट तपासू.”

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी जो शोध घेतला, त्याने मला विचार करायची एक शिस्त दिली. उशीर होतोय एवढं म्हणून थांबायचं नाही. उशीर कुठे होतोय हे विचारायचं. पान छापलं जाण्याचे तीन टप्पे असतात. आधी संगणक ते पान तयार करतो. मग ते पान वाटेने जातं. मग प्रिंटर ते कागदावर उतरवतो. तिन्ही टप्पे वेगळे काढले की दोषी आपोआप उघडा पडतो.

पहिली साक्ष खुद्द प्रिंटरची. त्याच्याच बटणांवरून त्याचं माहितीचं पान काढता येतं. त्यात संगणक नाही, वायफाय नाही. ते पान झटक्यात आलं. म्हणजे यंत्राचे हातपाय धड होते. मग मळ्यातला लॅपटॉप पुढे आणून यूएसबी केबलने थेट जोडला. तोच अर्ज, तीच पानं, भराभर बाहेर आली. पहिला आणि तिसरा टप्पा निर्दोष ठरला. उरली ती मधली वाट. जिला आम्ही कुणीच आजवर वस्तू म्हणून पाहिलं नव्हतं, तिच्यातच दुखणं होतं.

त्या वाटेवरून काय जातं, हे कळल्यावर मी थक्क झालो. ए-फोर कागदाचं एक पान. इंचाला ६०० ठिपके धरले तर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके. प्रत्येक ठिपका नुसता काळा की पांढरा एवढंच सांगायचं तरी ४ एमबीच्या वर माहिती होते. तेच पान रंगीत असेल आणि दाबून लहान केलं नसेल, तर १०० एमबीच्या आसपास. काही प्रिंटर हुशार असतात. त्यांना नुसतं ‘इथे हे अक्षर, एवढ्या आकाराचं’ असं सांगितलं की ते स्वतः ठिपके मांडतात. असा निरोप अगदी छोटा असतो. पण घरगुती वापराच्या अनेक स्वस्त प्रिंटरांमध्ये ही बुद्धी नसते. सगळे ठिपके संगणकानेच मांडायचे आणि सगळेच्या सगळे वाटेने पाठवायचे. केबल असेल तर हे ओझं जाणवत नाही. वायफाय कमकुवत असेल, तर एका सातबाऱ्यालाही धाप लागते. पुतणीने एक ओळ लिहिलेलं साधं पान पाठवून पाहिलं, ते बरं आलं. फोटो आणि शिक्के असलेला स्कॅन पाठवला, तो रखडला. ओझं वाढलं की वाट दमते, हे डोळ्यांनी दिसलं.

वाट मोजायचं एक साधं साधन प्रत्येक संगणकात असतं: पिंग. माइक मूस या अमेरिकी अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं. एक छोटा निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते पाहायचं. घरातल्या घरात ते काही मिलिसेकंदांत यायला हवं. आमच्याकडे एक उत्तर ४ मिलिसेकंदांत यायचं, दुसरं ३०० मध्ये, आणि मधूनच एखादं यायचंच नाही. त्या न आलेल्या उत्तरांतच खरी गोष्ट होती.

संगणक मजकुराची छोटी छोटी पुडकी करून पाठवतो. एखादं पुडकं पोचलं नाही तर ते पुन्हा पाठवतो. पण त्याच वेळी, पुढे गर्दी झाली असावी असं समजून आपला वेगही कमी करतो. हा समजूतदारपणा त्याला १९८०च्या दशकात शिकवावा लागला. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातलं जाळं असं तुंबलं, की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांमधलं अंतर होतं अवघं ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन याने त्याचा माग काढला आणि १९८८ मध्ये, गर्दी दिसली की प्रत्येकाने आपण होऊन मागे सरायचं, अशी रीत संगणकांना घालून दिली. आजचं इंटरनेट त्याच समंजसपणावर उभं आहे. पण आमच्या घरात गर्दी नव्हती. पुडकी भिंतीत हरवत होती, संगणक बिचारा गर्दी समजून थांबत होता, आणि आम्ही प्रिंटरला दोष देत होतो.

आजोबांनी बांधलेली ती भिंत. दगडाची, मातीत रचलेली, उन्हाळ्यात घर गार ठेवणारी. वायफायच्या लहरींना ती जवळजवळ बंद दारच. राउटर मागच्या नव्या खोलीत, कारण फायबरची तार तिथे आली होती. प्रिंटर भिंतीपलीकडे, पुढे. मधे रेंज वाढवायला एक छोटं यंत्र लावलेलं. असं साधं यंत्र एकाच वाहिनीवर ऐकतं आणि त्याच वाहिनीवर बोलतं. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय वायफायची हवा सगळ्यांची मिळून एकच. एका वेळी एकानेच बोलायचं. लांब मळ्यात, अंधुक रेंजवर एखादा फोन व्हिडिओ पाहत असला की तो हळू बोलतो, आपला वेळ लांबवतो, आणि बाकीचे सगळे थांबून राहतात.

हे ऐकताना मला कुकडीचा कालवा आठवला. आमच्या दोन तालुक्यांनी या प्रकल्पाला पाच धरणं दिली: जुन्नरमधली येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे, आणि आंबेगावमधलं घोड नदीवरचं डिंभे. त्या डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव आता जलाशयात आहे. पाणी जातं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत. आवर्तन सुटलं की धरणात पाणी किती यापेक्षा वाटेत काय चाललंय यावर शेवटच्या चारीचं भवितव्य ठरतं. कुठे अस्तर फुटलेलं, कुठे गाळ, कुठे कुणाची मोटार. टेलच्या शेतकऱ्याला कोरडी चारी दिसते तेव्हा तो धरणाकडे बोट दाखवतो. पाटकरी मात्र कालव्याच्या कडेने चालत जातो. आम्हीही तेच केलं. धरण नवं बांधायची गरज नव्हती. कालवा चालून पाहायचा होता.

आणि उशीर मोजण्याचं शास्त्र तर आमच्या दारात आहे. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय ताटल्या. त्यांतल्या १४ मधल्या आवारात, बाकीच्या १६ तीन दिशांना शेताशिवारांत पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी हे स्वप्न पाहिलं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते उभं केलं. माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी, हेही जागा निवडण्याचं एक कारण. उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांतून त्या ताटल्या एका आकाशाकडे वळतात तेव्हा अजूनही माझी पावलं थांबतात.

त्या तीस ताटल्या मिळून एकच डोळा होतो तो मधल्या वाटेमुळे. प्रत्येक ताटलीला आलेला संकेत काचेच्या तंतूतून मध्यवर्ती इमारतीत जातो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे १० किलोमीटरच्या तारेला ५० मायक्रोसेकंद लागतात. जवळच्या ताटलीचा संकेत आधी येतो, लांबच्याचा नंतर. हा उशीर तिथे कुणी नाकारत नाही, लपवतही नाही. तो अचूक मोजतात आणि हिशेबात धरतात, तेव्हाच सगळे संकेत एका क्षणावर जुळतात. विजेच्या तारांवर एखादा इन्सुलेटर खराब होऊन ठिणगी उडायला लागली, तरी तिचा खरखराट या दुर्बिणीला ऐकू येतो, आणि तो कुठून येतोय हे शोधावं लागतं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण आवाज ऐकणारी माणसं गावच्या तारेवरची ठिणगीही तेवढ्याच गांभीर्याने शोधतात. लहान दोषाला लहान समजायचं नाही, हा धडा खोडदने आमच्या पंचक्रोशीला दिला आहे.

शोधात आणखी काही गोष्टी सापडल्या. छपाईचा मजकूर थेट प्रिंटरकडे जातच नव्हता. तो आधी आपल्या लॅपटॉपच्या रांगेत थांबायचा, मग दादांच्या संगणकाच्या रांगेत, मग प्रिंटरकडे. दादांचा संगणक झोपलेला असला की दुसरी रांग उघडायलाच वेळ. राउटर बंद होऊन सुरू झाला की प्रिंटरचा पत्ता बदलायचा, आणि दादांचा संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसायचा. मळ्यातल्या लॅपटॉपच्या यादीत तर कधीकाळी जोडलेले, आता अस्तित्वातही नसलेले प्रिंटर तसेच पडून होते. त्यांचीही तो विचारपूस करायचा. यातली एकही गोष्ट मोठी नव्हती. सगळ्या मिळून मात्र एका पानाला चहा होईपर्यंत थांबवत होत्या.

पुतणीने उपाय केले ते साधे, आणि एका वेळी एकच. एक बदल करायचा, तेच ठरलेलं पान छापून पाहायचं, वहीत लिहायचं, मग दुसरा. राउटरपासून प्रिंटरपर्यंत केबल टाकली. भिंतीला भोक पाडायला दादा तयार नव्हते, म्हणून ती तुळईच्या कडेने वरून नेली. प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा एक पत्ता राखून दिला. प्रत्येक लॅपटॉपवर त्या पत्त्याशी थेट जोडणी केली, म्हणजे दादांच्या संगणकाची मधली रांग गेली. मेलेले प्रिंटर यादीतून काढले. रेंज वाढवणारं यंत्र प्रिंटरच्या सेवेतून मोकळं झालं. ते मळ्याच्या बाजूला, त्यालाही रेंज नीट मिळेल अशा जागी हलवलं. साध्या अर्जांसाठी छपाईचा दर्जा ६०० वरून ३०० ठिपक्यांवर आणला. आडवे-उभे दोन्ही निम्मे झाले की ओझं चौथाईवर येतं. अर्ज वाचायला त्याने काही फरक पडत नाही. खर्च झाला तो केबलचा.

नंतर पीकविम्याचे अर्ज आले तेव्हा मळ्यातून, मागून, सगळीकडून एकदम कागद सुटले आणि पुढच्या खोलीत प्रिंटर एकामागून एक पानं देत राहिला. वहिनी म्हणाल्या, “आता चहा टाकायच्या आधीच कागद येतोय.” तरी चहा झालाच.

या सगळ्यानंतर एक गोष्ट वाचनात आली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी स्टार्कवेदर याने लेसर प्रिंटर बनवला. सेकंदाला एक पान, इंचाला ५०० ठिपके. असं यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं. ते सगळ्यांत मिळून वापरायचं होतं. त्याला अनेक संगणक जोडायचे तर तेवढी वेगवान वाट हवी. मे १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ याने त्या वाटेचा आराखडा लिहिला. तीच इथरनेट. आज जगभरच्या कचेऱ्यांतून आणि आमच्या तुळईवरून जाणारी केबल त्याच कुळातली. म्हणजे घरगुती जाळं आधी आलं आणि प्रिंटर मागाहून त्याला चिकटवला, असं नाही. एक प्रिंटर अनेकांनी मिळून वापरावा ही गरज त्या जाळ्याच्या जन्माच्या मुळाशी आहे.

हे कळल्यापासून मला आमच्या पुढच्या खोलीतला तो प्रिंटर वेगळा वाटतो. स्वस्त वस्तूंच्या दिवसांत वाटण्या फार सोप्या झाल्या आहेत. प्रत्येक चुलीला वेगळा प्रिंटर घेणं परवडतंही. पण मग अर्जातली चूक कुणी दाखवायची, हॉल तिकिटावरचं केंद्र दूर आलंय हे आजीला कधी कळायचं, सातबाऱ्यावर नाव चुकलंय हे पुढच्या खोलीतल्या कुणाच्या नजरेस कसं पडायचं? सामाईक वस्तू माणसांना एकमेकांच्या कामाची खबर देते. तिची निगा राखणं हे घर राखण्याचंच काम आहे, आणि ते घरातल्या तरुण हातांना आदराने सोपवावं.

म्हणून ज्यांच्या घरी असा एखादा प्रिंटर रखडतो आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लगेच नवा घ्यायला जाऊ नका आणि एकमेकांवरही चिडू नका. आधी यंत्राचं स्वतःचं पान काढा. मग केबल लावून पाहा. दोन्ही धड निघाले, तर मधली वाट पावलापावलाने तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. बहुतेक घरांत दोष त्या वाटेतच निघतो, आणि वाट दुरुस्त करायला नव्या यंत्राइतका पैसा लागत नाही.